'हो ताई, कळलं' याच्या पुढे: दुर्लक्षित वस्त्यांमध्ये आरोग्य-संवादाचं संशोधन कसं करावं

तुर्भ्याला डोंगराखालच्या एका वस्तीत मी थुंकी तपासणीची माहिती देत होते. समोर पन्नाशीचे एक काका, आयुष्य खाणीत दगड फोडण्यात गेलेलं. डबी कधी भरायची, कुठे द्यायची, सगळं सांगून झालं. "कळलं ना काका?" "हो ताई, कळलं." त्यांनी डबी हातात घेतली, झाकण उघडलं आणि एक थेंबही बाहेर सांडू न देता, अगदी निगुतीने तोंडातली लाळ तिच्यात सोडली.

चूक त्यांची नव्हती. मी थुंकी मागितली, त्यांनी थुंकी दिली. टीबीच्या तपासणीला लागतो तो छातीतून खोकून काढलेला बेडका. लाळेत जंतू सापडायची शक्यता फार कमी. मग अहवाल 'काही नाही' म्हणून येतो, माणूस निर्धास्त होतो आणि खोकत खोकत कामावर जातो.

त्या दिवसापासून मला 'हो' या उत्तराची धास्ती बसली. गरीब वस्तीत शिकल्यासवरलेल्या, ओळखपत्र गळ्यात अडकवलेल्या माणसाला कोणी तोंडावर 'नाही कळलं' म्हणत नाही. आपलं सगळं संशोधन त्या 'हो'च्या मागे काय आहे ते शोधण्यासाठी असतं. समाजकार्याचे विद्यार्थी, संस्थांचे कार्यकर्ते, महापालिकेच्या आरोग्य विभागात काम करणारे, अशांसाठी मी माझी पद्धत इथे सविस्तर लिहिते आहे. उदाहरण बहुतेक ठिकाणी टीबीचं आहे, पण गोवराची लस असो, डेंग्यू असो की गरोदरपणातली तपासणी, रस्ता हाच.

आधी प्रश्न लहान करा

'नाका कामगारांमध्ये टीबीविषयी किती जागरूकता आहे?' (नाका कामगार म्हणजे रोजच्या कामासाठी सकाळी नाक्यावर उभे राहणारे मजूर) हा प्रश्न कागदावर छान दिसतो आणि त्यातून काहीही निघत नाही. शंभरातल्या किती जणांना टीबी हवेतून पसरतो हे माहीत आहे ते कळतं, पण त्या आकड्याचं करायचं काय?

त्याऐवजी असं विचारा: दोन आठवड्यांहून जास्त खोकला असलेला नाका कामगार सगळ्यात आधी कुठे जातो? कोणाच्या सांगण्यावरून? सरकारी तपासणीपर्यंत पोहोचायला त्याचे किती दिवस आणि किती हजेऱ्या जातात? आता उत्तरात करण्यासारखं काहीतरी सापडेल.

प्रश्न पक्का करण्याआधी ज्या अधिकाऱ्याकडे अहवाल जाणार त्यांना भेटा आणि सरळ विचारा, "उत्तर असं आलं तर तुम्ही काय बदलाल? तसं आलं तर काय?" दोन्हीला उत्तर 'काही नाही' असेल, तर प्रश्न बदला. लोकांचा वेळ घेऊन कपाट भरायचा आपल्याला अधिकार नाही.

नकाशा काढा, आणि त्यासोबत घड्याळही

'पोहोचायला अवघड' हा शब्द मी जपून वापरते. पहाटे भाजीच्या गाळ्यावर, सकाळी सातला नाक्यावर, दुपारी दोनला नळावर ही माणसं सगळ्यांना दिसतात. आपण मात्र अकरा ते पाच या वेळात त्यांच्या बंद दारावर जातो आणि 'प्रतिसाद नाही' असं लिहून परततो.

म्हणून पहिला आठवडा एकही प्रश्न न विचारता फक्त फिरा. वहीत तीन रकाने: कुठे, केव्हा, कोण. ठाणे-नवी मुंबईत हे किती वेगवेगळं आहे ते पाहा.

वाशीच्या बाजार समितीतला माथाडी कामगार आणि रस्त्याच्या कडेला नाक्यावर उभा राहणारा मजूर, दोघंही अंगमेहनत करणारे. पण माथाडीची १९६९च्या कायद्यामुळे मंडळात नोंद असते, म्हणजे त्याची यादी मिळू शकते. नाक्यावरच्या माणसाची यादी कुठेच नाही. तो वाशिमचा असेल, कलबुर्गीकडचा लमाण असेल, बिहारचा असेल. आज ऐरोलीत, उद्या नेरूळला, परवा गावाला.

नाक्याचं घड्याळ नीट समजून घ्या. सातपासून माणसं जमतात, नऊपर्यंत बरीचशी उचलली जातात, दहानंतर उरतात ती ज्यांना कोणी नेलं नाही ती. त्यांना मोकळा वेळ असतो, ती निवांत बोलतात आणि मुलाखती भराभर होतात. पण उरलेल्यांत म्हातारे आणि आजारी जास्त असतात. फक्त दहानंतर गेलात तर सगळा नाकाच खोकतोय असं वाटेल. फक्त साडेसातला गेलात तर गिऱ्हाईक यायच्या वेळी कोणी तोंड उघडणार नाही. दोन्ही वेळा जावं लागतं आणि दोन्हींची नोंद वेगळी ठेवावी लागते.

घरकाम करणाऱ्या बायका साधारण दुपारी दोन ते चार घरी सापडतात, तेही पाण्याची वेळ नसेल तर. भिवंडीच्या यंत्रमाग कामगारांना कारखान्यात गाठण्यात अर्थ नाही. खडखडाटात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, तिथे तुमचं काय येणार? त्यांना भिसीवर, म्हणजे त्यांच्या खाणावळीत, पाळी बदलताना गाठा.

कातकरी कुटुंबांसाठी घड्याळ पुरत नाही, वर्षाची दिनदर्शिकाच लागते. दिवाळी झाली की शहापूर-मुरबाडकडच्या कितीतरी वाड्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. जानेवारीत वाडीवर गेलात तर म्हातारी माणसं आणि कुलपं भेटतील. पोलिओच्या मोहिमेत वीटभट्ट्या, बांधकामं आणि स्टेशनं यांच्यासाठी वेगळी पथकं ठेवली जायची, घरोघर जाण्यावर सगळं सोडलं जात नव्हतं. देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी नोंदला गेला, त्यामागे फिरत्या माणसांचा हा पाठपुरावाही आहे.

दारावरचा माणूस

महापालिकेच्या आरोग्य विभागाची, जिल्हा क्षयरोग अधिकाऱ्यांची परवानगी घ्या, नैतिकता समितीची मंजुरी घ्या. शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो, तिथे ग्रामसभेला विश्वासात घेतल्याशिवाय पाऊल टाकू नका. ही कागदपत्रं लागतातच. पण वस्तीत शिरताना खरी गाठ पडते ती मुकादमाशी, ठेकेदाराशी, भट्टीच्या मालकाशी, गल्लीतल्या भाऊंशी.

मुकादमाला नमस्कार करा, काम काय ते खरं सांगा, चहा घ्या. एवढं झालं की त्याच्यापासून लांब जाऊन बोला. त्याची परवानगी म्हणजे मजुराची संमती नव्हे. भट्टीवरच्या जोडप्याने उचल घेतलेली असते. ज्याचे पैसे डोक्यावर आहेत त्याच्यासमोर 'मला खोकला आहे' असं कोण म्हणेल? आणि म्हटलं, तर त्याला कामावरून काढून गावाला पाठवलं जाण्याची भीती खरी आहे. आपल्या एका प्रश्नाने कोणाचा हंगाम बुडू शकतो. लक्षणांविषयीचे प्रश्न मुकादमाच्या कानाआडच विचारायचे, आणि ते जमत नसेल तर त्या जागी विचारायचेच नाहीत.

वस्त्यांमध्ये आणखी एक गोष्ट आड येते. हातात पॅड घेऊन घरं मोजणारा माणूस दिसला की लोकांच्या मनात दोनच शक्यता येतात: एकतर झोपड्या तोडायला आलेत, नाहीतर योजनेत नाव घालायला. पहिल्या शक्यतेने माणसं कमी सांगितली जातात, दुसरीने जास्त. म्हणून दारावर खडूने आकडे टाकू नका, आधार कार्ड मागू नका, घराचा फोटो काढू नका. पहिलं वाक्यच हे असू द्या: "आम्ही घराच्या सर्व्हेवाले नाही, नावही लिहून घेत नाही."

यादी नाही, मग माणसं निवडायची कशी?

इथे बरेच जण ओळखीच्या ताईंना हाताशी धरतात, त्या दाखवतील त्या पन्नास घरांत जातात आणि त्यालाच नमुना म्हणतात. ओळखीच्या ताई ओळखीचीच घरं दाखवणार. ज्या घराशी कोणी बोलत नाही ते घर राहतं, आणि कित्येकदा आपल्याला नेमकं तेच हवं असतं.

एक रीत म्हणजे माणसांची यादी न करता जागा आणि वेळांची यादी करणं. समजा फिरून तुम्हाला १२ नाके सापडले. आठवड्याचे ६ दिवस, रोज २ वेळा: सात ते साडेआठ आणि साडेनऊ ते अकरा. १२ गुणिले ६ गुणिले २ म्हणजे १४४ खाने. १४४ चिठ्ठ्या करा आणि त्यातल्या २० उचला. प्रत्येक खान्यात ठरल्या वेळी जाऊन आधी डोकी मोजा, मग दर पाचव्या माणसाला विचारा, जास्तीत जास्त १० जण. २०० मुलाखतींपर्यंत जाता येतं. प्रत्येकाला एक प्रश्न न चुकता विचारा: "गेल्या सात दिवसांत किती दिवस नाक्यावर उभे राहिलात?" रोज येणारा आपल्याला सापडण्याची शक्यता एकदाच येणाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त असते, हिशेब करताना त्याचं वजन त्या प्रमाणात कमी धरावं लागतं. हा प्रश्न राहिला तर नंतर दुरुस्ती नाही.

या रीतीत खोलीवर पडून असलेला माणूस सुटतो. त्याच्यासाठी दुसरी रीत, जी डग्लस हेकथॉर्न या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९९७ मध्ये मांडली. चार-पाच वेगवेगळ्या गटांतली माणसं आपण निवडायची. प्रत्येकाला तीन कुपनं द्यायची, ती त्याने आपल्यासारख्या तिघांना द्यायची, त्यांनी पुढे आणखी तिघांना. आपण कोणाचंही नाव विचारत नाही, ज्याला यायचं तो स्वतः कुपन घेऊन येतो. कुपनावर फक्त क्रमांक असतो, तो कोणाकडून कोणाकडे गेला याची नोंद ठेवायची. 'अशी किती माणसं ओळखता?' हे प्रत्येकाला विचारायचं, कारण ज्याच्या ओळखी जास्त त्याच्यापर्यंत कुपन पोहोचण्याची शक्यता जास्त. साखळी पाच-सहा हातांपलीकडे गेली की पहिल्या माणसांच्या निवडीचा परिणाम विरळ होत जातो. एड्सच्या क्षेत्रात ही रीत रुळलेली आहे. लपून राहणं ज्यांची गरज आहे अशांसाठी मला तीच जास्त सभ्य वाटते.

संमती

आयसीएमआरची, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची, २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं एकदा तरी मुळातून वाचा. वाचता न येणाऱ्या माणसाची संमती घेताना त्रयस्थ साक्षीदार असावा, माहिती त्याच्या भाषेत तोंडी सांगावी, भाग न घेतल्याने त्याचं काही बिघडणार नाही हे स्पष्ट करावं, बुडालेली मजुरी आणि प्रवासखर्च भरून द्यायला हरकत नाही, हे सगळं त्यात आहे. साक्षीदार म्हणून मुकादम चालणार नाही, हे मी माझ्या गटाला प्रत्येक वेळी नव्याने सांगते.

अंगठ्याची शाई पाहून लोक बिचकतात. उचलीच्या कागदावर अंगठा दिलेला असतो, त्याची आठवण ताजी असते. समितीची मान्यता घेऊन तोंडी संमती ठेवली तर बोलणं मोकळं होतं.

आणि खोकणारा माणूस समोर आला तर? तेव्हा संशोधन बाजूला. जवळचं नागरी आरोग्य केंद्र कोणतं, तिथे कोणत्या वेळी बेडका घेतात, कोणाला भेटायचं, हे लिहिलेली चिठ्ठी द्या. जमलं तर आशाताईंबरोबर त्याला पोहोचवा. निक्षय या सरकारी टीबी नोंदणी व्यवस्थेची १८००-११-६६६६ ही टोल फ्री हेल्पलाइन चिठ्ठीवर छापून ठेवा. उपचार सुरू असताना गावी जायची वेळ आली तरी नोंद तिकडच्या केंद्राला वर्ग करता येते, हेही सांगा. औषधं अर्धवट सुटतात ती इथेच.

शब्द गोळा करा, वाटू नका

प्रश्नावली लिहिण्याआधी सहा-आठ जणांचे दोन-तीन गट बसवा आणि नुसतं ऐका. एका गटात एकाच भाषेची, एकाच वयाची माणसं. सुना आणि सासवा एकत्र बसवल्यात तर फक्त सासवांचं ऐकून परत याल.

काय ऐकायचं? आजाराला, लक्षणाला, औषधाला त्यांच्या तोंडी असलेला शब्द. 'क्षयरोग' हा शब्द भिंतीवर असतो, तोंडात 'टीबी' असतो. गोवर आला की अजूनही काही घरांत 'देवी आल्यात' म्हणतात, आणि देवी आलेल्या लेकराला दवाखान्यात नेत नाहीत. २०२२च्या शेवटी मुंबई आणि भिवंडीत गोवराची साथ आली तेव्हा लस नवव्या महिन्यानंतर एकदा आणि सोळा ते चोवीस महिन्यांत पुन्हा द्यायची, हे सांगण्याआधी ज्या आयांना घरात मूल लपवावं लागतंय त्यांच्याशी कुठल्या शब्दांत बोलायचं हे ठरवावं लागत होतं. 'पॉझिटिव्ह आलं' हे ऐकून 'बरं झालं' म्हणणारी माणसं मी पाहिली आहेत. मी आता 'जंतू सापडले' आणि 'जंतू सापडले नाहीत' एवढंच म्हणते.

खाणीजवळच्या वस्त्यांमध्ये 'दोन आठवडे खोकला' या साध्या ओळीनेही घात केला. "दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला आहे का?" "नाही." आणि माणूस बोलताबोलता खोकतोय. नंतर उलगडलं, त्यांच्या लेखी तो खोकला नव्हताच. धुळीचा खोकला, बिडीचा खोकला, हे रोजचंच. खोकला म्हणजे सर्दीतापाबरोबर येतो तो. आणि दगडाच्या बारीक धुळीने ज्यांची फुप्फुसं खराब होतात, त्यांना टीबीचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. ज्यांना तो संदेश सगळ्यात गरजेचा, तेच त्यातून स्वतःला वगळत होते. आम्ही ओळ बदलली: 'धुळीचा असो, बिडीचा असो, कशाचाही असो, दोन आठवडे झाले की बेडका तपासून घ्या.'

दोन आठवडे म्हणजे किती, हेही विचारा. 'अमावास्येच्या आधीपासून का?' 'मागच्या पगाराला होता का?' असं विचारलं की तारीख पक्की सापडते.

भाषांतर करून घेतलंत तर उलट दिशेनेही करून पाहा. मराठीतून कन्नड किंवा बंजारा बोलीत गेलेला प्रश्न दुसऱ्या माणसाकडून पुन्हा मराठीत आणा आणि पहिल्याशी ताडा. लाज वाटेल इतका फरक सापडतो. तो छपाईआधी सापडलेला बरा.

मत विचारू नका, गोष्ट विचारा

'खोकला झाल्यावर डॉक्टरकडे जावं का?' याला सगळे 'हो' म्हणतील. "गेल्या वेळी खोकला झाला तेव्हा पहिल्यांदा कुठे गेलात? मग? तिथे किती पैसे गेले? त्या दिवशी कामावर गेला होतात का?" असं एकेक पाऊल मागे जा. मेडिकलवाल्याकडून घेतलेली बाटली, गल्लीतल्या डॉक्टरांचं इंजेक्शन, गावी जाऊन केलेला नवस, आणि मग कधीतरी सरकारी दवाखाना, असा पूर्ण रस्ता कागदावर उतरतो.

त्या रस्त्यावर बऱ्याचदा दिसतं की माहिती होतीच. आडवी आली ती वेळ. तपासणी सकाळी, आणि सकाळीच नाका. दोन नमुने द्यायचे, त्यातला एक पहाटेचा, म्हणजे पुन्हा फेरी, पुन्हा हजेरी बुडाली. निक्षय पोषण योजनेत उपचार सुरू असेपर्यंत महिन्याला पैसे मिळतात, २०१८मध्ये ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४पासून १००० झाले. पण ते बँक खात्यात येतात, आणि परप्रांतातून आलेल्या कित्येकांचं चालू खातंच नसतं. 'पैसे मिळतील' असं पत्रकावर मोठ्या अक्षरात छापून पैसे आले नाहीत, तर पुढच्या वर्षी तुमचं खरंही कोणी ऐकणार नाही. असं आढळलं तर अहवालात धीटपणे लिहा: इथे नवा संदेश नको, संध्याकाळची तपासणी हवी.

संदेश छापण्याआधी माणसांवर घासून पाहा

माझ्या मते सगळ्या कामातला हा सर्वांत मोलाचा टप्पा, आणि नेमका तोच पैसे आणि वेळ संपल्यावर गाळला जातो. कच्चं पत्रक, कच्चं चित्र, मोबाइलवर बोललेला कच्चा संदेश घेऊन पाच-सहा जणांना एकेकटं भेटा. एकदा दाखवा किंवा ऐकवा, मग बाजूला ठेवा. 'कळलं का?' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. विचारायचं: "आता घरी गेल्यावर वहिनींना काय सांगाल?" आणि गप्प बसायचं.

ते जे सांगतील ते शब्दशः लिहा. काय गळलं, काय उलटं झालं, स्वतःचं काय घातलं. फुप्फुसांचं चित्र पाहून एका मावशींनी "ही कुठली पानं?" असं विचारलं होतं. शरीराबाहेर काढलेला अवयव त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. आम्ही छातीवर हात ठेवलेला खोकणारा माणूस काढला. बदल करा, नव्या पाच-सहा जणांकडे जा. साधारण तिसऱ्या फेरीत परत येणारं वाक्य आपल्या वाक्याच्या जवळ येतं.

डबीचंही आम्ही असंच केलं. सकाळी उठून चूळ भरायची, खोल श्वास घ्यायचा, जोरात खोकायचं, मग डबीत टाकायचं, हा क्रम आधी करून दाखवायचा आणि नंतर समोरच्याला मोकळी डबी घेऊन नुसतं अभिनयाने करायला लावायचं. सुरुवातीला सांगितलेल्या काकांनाच विचारलं, हे सोपं करून कसं सांगायचं? ते म्हणाले, "तोंडातलं नको, छातीतलं हवं, असं म्हणा." डबीबरोबर देण्याच्या चिठ्ठीवर पुढे तेच छापलं.

परत जाणं

नोंदींचं विश्लेषण करताना दोघांनी वेगवेगळं वाचा आणि मग जुळवा. नावं, फोन क्रमांक मुलाखतीच्या कागदापासून वेगळ्या कुलपात ठेवा. याहून जास्त सांगण्यासारखं इथे नाही, ते पुस्तकात मिळतं.

निष्कर्ष आधी लोकांना सांगा, मग कार्यालयात द्या. एका पानावर, त्यांच्या भाषेत, वाचून दाखवत. नाक्यासाठी सकाळ, भिसीसाठी सुट्टीच्या दिवसाची संध्याकाळ, भट्टीसाठी माणसं उठून जाण्याआधीचा मे महिना. 'असं नाही ताई, तुम्ही चुकीचं लिहिलंय' असं कोणी म्हणालं तर ते अहवालात त्यांच्याच शब्दांत घाला.

सहा महिन्यांनी पुन्हा जा, त्याच नाक्यांवर, त्याच दोन वेळांना, चिठ्ठ्या उचलूनच. 'संदेश ऐकला का?' विचारू नका. तीन गोष्टी विचारा: गेल्या महिन्यात खोकल्यावरून कोणाशी बोलणं झालं का, काय बोललात, आणि तो माणूस पुढे कुठे गेला. याच्याशी केंद्रातल्या रजिस्टरमधले आकडे ताडून बघा: या भागातून किती नमुने आले, आणि त्यातले लाळेचे म्हणून परत पाठवावे लागलेले किती. प्रयोगशाळेतल्या ताई हा दुसरा आकडा बहुधा वेगळा लिहीत नाहीत. काम सुरू करतानाच त्यांना विनंती करून रजिस्टरमध्ये एक रकाना वाढवून घ्या.